व्हेरा लिन आणि ‘येतो’ म्हणायची रीत

मंडळी, आज एका इंग्रज गायिकेबद्दल लिहायचा विचार आहे. आमच्या घरातली नवी पिढी लगेच म्हणेल, "आजोबा, तुम्ही आणि इंग्रजी गाणी?" प्रश्न रास्त आहे. बी.ए. मराठी माध्यमातून झालेलं, आयुष्य गेलं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात. इंग्रजी गाणं कानावर पडलं की त्यातले चार शब्द कळायचे आणि चाळीस निसटायचे. पण एक बाई अशी भेटली, की तिचा शब्द न् शब्द मला पहिल्या ऐकण्यात कळला. तिचं नाव व्हेरा लिन.

लता, आशा यांना आपण प्रेमाने एकेरीच म्हणतो. त्यात अनादर नसतो, घरोबा असतो. व्हेरालाही मी तसंच म्हणणार आहे. तिच्या देशातही लोकांनी तिला मोठ्या पदव्या दिल्या, पण हाक मारली ती घरच्यासारखीच.

१९७१-७२ च्या सुमाराची गोष्ट. मी नवीनच मास्तर झालो होतो आणि देवळालीत एका जुन्या बंगल्याच्या मागची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. देवळाली म्हणजे लष्कराची छावणी आणि पारशांची सॅनिटोरियमं. आमचे घरमालकही पारशी. रविवारी संध्याकाळी ते व्हरांड्यात ग्रामोफोन लावून बसायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, "मास्तर, ये, बस. तुला समजते ने?" आणि खरंच समजत होतं! बाई सावकाश, सरळ गात होती. ताना नाहीत, हरकती नाहीत, आवाजाचं प्रदर्शन नाही. प्रत्येक शब्दाला स्वच्छ कडा. एखादी शेजारीण कुंपणापलीकडून काहीतरी महत्त्वाचं सांगते आहे, तसं. बावाजींनी सांगितलं की युद्धाच्या काळात याच देवळालीतून हजारो गोरे सोल्जर गेले-आले, आणि त्यांच्या बराकींमधून हाच आवाज ऐकू यायचा.

त्यात नवल नव्हतं. मुंबईला बोटीतून उतरलेले गोरे शिपाई आधी देवळालीला किंवा कल्याणच्या तळावर यायचे आणि मग पुढे रवाना व्हायचे. परत जातानाही बोटीची वाट बघत देवळालीलाच थांबायचे. त्या थांबण्याचा कंटाळा इतका प्रसिद्ध होता, की डोकं फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला. तो आपल्या देवळालीवरूनच! नाशिककरांनी याचा अभिमान धरावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

असो. आता व्हेराकडे येऊ.

ती २० मार्च १९१७ रोजी लंडनच्या पूर्वेला, ईस्ट हॅममध्ये जन्मली. मूळ नाव व्हेरा वेल्श. वडील नळजोडणीचं काम करणारे, आई शिवणकाम करणारी. म्हणजे अगदी कामगारवस्तीतलं घर. लहानपणी घशाच्या आजाराने ती मरता मरता वाचली. ज्या गळ्याने पुढे एका देशाला आधार दिला, तो दोन-तीन वर्षांची असतानाच जायचा होता! सातव्या वर्षी ती कामगारांच्या क्लबांत गाऊ लागली. अकराव्या वर्षी आजीचं माहेरचं आडनाव घेऊन ‘व्हेरा लिन’ झाली. १९३५ मध्ये जो लॉस यांच्या वाद्यवृंदाबरोबर पहिल्यांदा रेडिओवर गायली. पुढे चार्ली कुंझ, मग १९३७ पासून अँब्रोज यांचा नामांकित वाद्यवृंद. तिथेच हॅरी लुईस हा क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा तरुण भेटला. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केलं. तोवर तो हवाई दलाच्या वाद्यवृंदात गेला होता. म्हणजे सैनिकाच्या बायकोचं जिणं काय असतं, ते तिला घरातच कळत होतं.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं आणि त्याच वर्षी तिने ‘वुईल मीट अगेन’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. रॉस पार्कर आणि ह्युई चार्ल्स या दोघांनी ते रचलं होतं. ‘आपण पुन्हा भेटू’ एवढाच त्या नावाचा अर्थ. गंमत म्हणजे पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मोठा वाद्यवृंदसुद्धा नाही. आर्थर यंग नावाचा वादक नोव्हाकॉर्ड हे त्या काळातलं नवं विजेवर चालणारं वाद्य वाजवतोय आणि ही गातेय. बस्स! त्या वाद्याचा सूर थोडा विचित्रच आहे, देवळातल्या पेटीला सर्दी झाल्यासारखा. पण त्या रिकाम्या, थंड जागेत तिचा आवाज उबदार वाटतो.

आता मी जे सांगणार आहे, ते मला इतिहासाचा शिक्षक म्हणून फार मोलाचं वाटतं. युद्धाची गाणी म्हटली की आपल्याला पोवाडे आठवतात, रणशिंगं आठवतात. डफावर थाप पडली की मनगटं शिवशिवली पाहिजेत, अशी आपली कल्पना. इंग्लंडमधल्या पुष्कळ मोठ्या लोकांचीही तीच कल्पना होती. आणि हिचं गाणं तर सगळंच उलटं! त्यात शत्रू नाही, तलवार नाही, विजयाची गर्जना नाही. आहे ती फक्त निरोपाची घटका, आणि पुन्हा भेटायची खात्री.

पण १९४० मध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ या वर्तमानपत्राने सैनिकांना विचारलं, तुमचा सगळ्यात आवडता गायक कोण? सैनिकांनी व्हेराला निवडलं. तिथून तिला सैनिकांची लाडकी असं बिरुद चिकटलं, ते शेवटपर्यंत. ती काही रूपगर्विता नव्हती. सैनिकांनी भिंतीवर चिकटवलेल्या सिनेमातल्या तारका वेगळ्या, आणि ही वेगळी. ही बहिणीसारखी, वाट बघणाऱ्या वाग्दत्त वधूसारखी, गल्लीतल्या ओळखीच्या मुलीसारखी.

९ नोव्हेंबर १९४१ पासून बीबीसीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. रविवारी रात्री, नऊच्या बातम्यांनंतर. त्याचं नाव ‘सिन्सिअरली युवर्स’, म्हणजे आपण पत्राच्या शेवटी ‘आपली नम्र’ लिहितो ना, तसं. कार्यक्रमाची कल्पनाच पत्राची होती. घरातल्या बाईने परदेशी गेलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र, फक्त ते वाचायचं नाही, ऐकायचं. गाण्यांच्या मध्ये ती बोलायची, निरोप सांगायची. नुकत्याच बाळंत झालेल्या सैनिकांच्या बायकांना ती प्रसूतिगृहात जाऊन भेटायची आणि मग रेडिओवरून दूरवरच्या त्या बापाला सांगायची, की बाबा रे, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. विचार करा, वाळवंटात तंबूत बसलेल्या एका शिपायाला आपण बाप झाल्याचं हिच्या तोंडून कळत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल!

आमचे वडीलही शिक्षक. सातारा जिल्ह्यात आमचं गाव. युद्धाच्या काळात गावातले पन्नासएक लोक पलटणीत होते. बायाबापड्यांना लिहिता-वाचता येत नसे. पोस्टमनने पत्र आणलं की त्या पदराखाली धरून वडिलांकडे यायच्या. वडील वाचून दाखवायचे आणि उत्तरही लिहून द्यायचे. वडील सांगायचे, "मजकूर सगळ्यांचा एकच असायचा. म्हैस व्याली, पाऊस बरा आहे, पोरगं रांगायला लागलं, काळजी करू नको, लवकर ये." लढाईबद्दल एक अक्षर नाही. मला व्हेराच्या त्या कार्यक्रमाबद्दल पहिल्यांदा वाचायला मिळालं, तेव्हा वडिलांची ती ओसरीच आठवली. माणसाला रणांगणावर काय हवं असतं? हेच. म्हैस व्याल्याची बातमी.

पण हे बीबीसीच्या कारभाऱ्यांना पटेना. त्यांच्या नियामक मंडळाने हा कार्यक्रम खेदजनक असल्याची नोंद केली आणि त्याच दमात तो लोकप्रिय आहे हेही नमूद केलं! सरकारी कागदाची ही तऱ्हा सगळीकडे सारखीच बघा. निवृत्त लष्करी अधिकारी आणि काही पुढारी म्हणू लागले की असली हळवी गाणी ऐकून शिपायाचा कणा मऊ होईल, त्याला घर आठवेल, तो लढणार कसा? त्याला कवायतीची, कूच करायची गाणी ऐकवा. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं होतं, सगळीकडून पराभवाच्या बातम्या येत होत्या, आणि अशा वेळी खापर फोडायला काहीतरी लागतंच. जुलै १९४२ मध्ये बीबीसीने नृत्यसंगीताबद्दल धोरणच जाहीर केलं. पुरुष गायकांचं मिळमिळीत गाणं नको आणि बायकांचं अतिभावुक, खोटं वाटणारं गाणं नको.

खोटं! हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

व्हेराने यावर फार वाद घातला नाही. ती गात राहिली. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना ती पॅलेडियम नाट्यगृहात मॅक्स मिलर या विनोदवीराबरोबर खेळ करत होती. १९४२ मध्ये तिचं ‘व्हाईट क्लिफ्स ऑफ डोव्हर’ घरोघर पोचलं. डोव्हरचे पांढरे कडे म्हणजे समुद्रातून इंग्लंडला परतणाऱ्या माणसाला दिसणारी घरची पहिली खूण. आता या गाण्यातही एक मौज आहे. ते लिहिणारा नॅट बर्टन अमेरिकन. त्याने त्या कड्यांवर जे निळे पक्षी उडवले आहेत, ते अमेरिकेतले. इंग्लंडमध्ये तो पक्षीच नाही! पक्षीनिरीक्षकांनी आजवर याचा पुष्कळ कीस पाडला. पण बॉम्बफेकी विमानांनी भरलेल्या आभाळात पुन्हा पक्षी दिसावेत एवढंच ऐकणाऱ्याला हवं होतं. पक्ष्याची जात कोणी विचारली नाही.

आणि मग १९४४. सैनिकांच्या करमणुकीसाठी ‘एन्सा’ नावाची संस्था होती. कलावंतांना ती ठिकठिकाणी पाठवायची. व्हेराने विचारलं, कलावंत सगळ्यात कमी कुठे जातात? उत्तर होतं, ब्रह्मदेश. तिथे लढणाऱ्या चौदाव्या सैन्याला ‘विसरलेलं सैन्य’ म्हणत, कारण इंग्लंडमधली वर्तमानपत्रं युरोपच्या बातम्यांनी भरलेली असत. व्हेरा सत्तावीस वर्षांची होती. फारशी परदेशी गेलेली नव्हती. ती इजिप्तमार्गे भारतात आली, कलकत्त्याहून पुढे चितगाव, कॉक्स बाजार आणि तिथून आराकानच्या आघाडीजवळच्या बावली बाजारपर्यंत गेली. बरोबर एक पियानोवादक आणि लॉरीवर चढवलेला एक छोटा पियानो. उकाड्याने आणि ओलाव्याने त्याचे सूर बिघडलेले. अंगात खाकी कपडे, डास, घाम, आणि समोर जंगलातल्या मोकळ्या जागेत जमिनीवर बसलेले हजारो शिपाई. कार्यक्रम झाला की ती इस्पितळांच्या तंबूत जायची आणि जखमींच्या खाटेवर बसून गप्पा मारायची. काय बोलायचे ते? तर घरचं. लंडनमध्ये काय मिळतं, काय मिळत नाही, कुठल्या रस्त्यावर बॉम्ब पडला. तिने पुढे सांगितलं आहे, की एक शिपाई तिला म्हणाला होता, तू इथवर आलीस म्हणजे घर काही फार लांब नसणार. तिच्या सगळ्या मानसन्मानांत मला हे वाक्य मोठं वाटतं.

आता इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या नातेवाईकांपैकी थोरल्यांना ती माहीत आहे, धाकट्यांना नाही.

चौदावं सैन्य ब्रिटिशांचं म्हणतात, पण त्यातले बहुसंख्य शिपाई भारतीय होते. त्यांत मराठा पलटणीही होत्या. १९४४ च्या मार्चमध्ये जपान्यांनी इंफाळ आणि कोहिमाच्या दिशेने मोठी चढाई केली. मणिपूरमधल्या सांगशाक या खेड्यापाशी जी झुंज झाली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. जपान्यांना तिथे जे दिवस खोळंबावं लागलं, ते पुढे इंफाळ-कोहिमाच्या बचावाला उपयोगी पडले. माझे थोरले काका, वडिलांचे सख्खे भाऊ, त्या वसंतात त्या बाजूला होते. ते परत आले नाहीत. घरी आली ती तार. माझा जन्म त्यानंतरचा, म्हणून मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांचा फोटोही नव्हता. होती ती आजीच्या तोंडची एक हकिगत. आजी ती अनेकदा सांगायची आणि प्रत्येक वेळी एकाच शब्दावर थांबायची. "रजा संपल्यावर तो उंबऱ्यात वाकला, पाया पडला आणि ‘येतो’ म्हणाला."

त्याच सुमारास तीन-चारशे किलोमीटर दक्षिणेला व्हेरा गात होती. काकांनी तिला ऐकलं असण्याचा संभव नाही. भारतीय शिपायांसाठी ‘फौजी दिलखूश सभा’ होती, तिची वेगळी पथकं फिरत. पण काका तिच्याच वयाचे असावेत. तिच्या समोर बसलेल्या गोऱ्या पोरांनाही कुणाची तरी आई उंबऱ्यात उभी राहून निरोप देऊन गेली असणार.

आणि मला जे म्हणायचं आहे ते हेच. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. चुकून म्हणालाच तर आई ओरडते, "जातो काय म्हणतोस, येतो म्हण!" पोरगं कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेलं असो की पलटणीत, शब्द एकच. ‘वुईल मीट अगेन’ हे मला त्या इंग्रज लोकांचं ‘येतो’ वाटतं. त्यात भेट कुठे होणार, कधी होणार, याचा पत्ताच दिलेला नाही. ते ठरलेलंच नसतं. निघताना फक्त ‘येतो’ म्हणायचं असतं.

आता तो बीबीसीचा शब्द. खोटं. हे वचन खोटं होतं का? पुष्कळांच्या बाबतीत खोटं ठरलं, हे तर उघडच आहे. हे टोचणारे लोकही पुढे निघाले. १९६४ मध्ये स्टॅन्ले कुब्रिकने ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ या चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर अणुबॉम्बचे ढग दाखवले आणि मागे व्हेराचं हेच गाणं लावलं. जगच संपल्यावर कोण कोणाला भेटणार, असा त्याचा बोचरा सवाल.

त्याहून खोल लागणारी गोष्ट १९७९ ची. पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या ‘द वॉल’ या संग्रहात एक अगदी छोटं गाणं आहे, त्याचं नावच ‘व्हेरा’. ते लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता. त्याने बाप पाहिलेलाच नाही. त्या गाण्यात तो व्हेराच्या वचनाचीच आठवण काढतो. माझ्या मुलाने कॉलेजात असताना ती कॅसेट आणली होती, त्या गोंगाटात मी काही लक्ष दिलं नव्हतं, पण हा तपशील त्याने सांगितला तेव्हा मी पुन्हा लावायला लावलं. त्या पोराचा प्रश्न रास्त आहे. भेटू म्हणाली होतीस ना? मग?

मी यावर बराच विचार केला आहे. माझं उत्तर मी आजीकडून घेतलं. काका गेल्यानंतर आजी वीस वर्षं जगली. ‘येतो म्हणाला आणि आला नाही’ अशी तक्रार तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. ती म्हणायची, "येतो म्हणाला, हे बरं केलं." लहानपणी मला याचा अर्थ लागत नसे. आला नाही तर बरं काय? आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर लागतो. ‘येतो’ हा शब्द भाकीत नसतोच. मी निघालो तरी माझं मन या घराकडे तोंड करून आहे, एवढंच तो सांगतो. आणि ते खरं होतं. परत येणं त्याच्या हातात नव्हतं, ‘येतो’ म्हणणं होतं. त्याच्या हातातलं त्याने केलं, म्हणून आजीच्या लेखी ते वचन मोडलेलं नव्हतं. बीबीसीच्या त्या समितीत माझ्या आजीसारखी एखादी म्हातारी बसवली असती, तर तो ठराव असा झाला नसता.

मऊ गाण्यांनी शिपाई मऊ होतो, हेही इतिहासाने खोटं ठरवलं. व्हेराला ऐकणारं ते सैन्य १९४५ मध्ये रंगूनला पोचलं. १९८५ मध्ये सरकारने तिला ‘बर्मा स्टार’ हे पदक दिलं, जे तिथे प्रत्यक्ष सेवा केलेल्यांना मिळतं. ब्रह्मदेशात लढलेल्या म्हाताऱ्या शिपायांनी तिला आपल्यातलीच मानलं आणि तीही त्यांच्या मेळाव्यांना जात राहिली.

युद्धानंतरचं थोडक्यात सांगतो. १९४६ मध्ये तिला मुलगी झाली. १९५२ मध्ये तिचं ‘आउफ विडरसेन स्वीटहार्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि नऊ आठवडे राहिलं. तिथे पहिला क्रमांक मिळवणारी ती पहिली ब्रिटिश कलावंत. बीटल्स त्यानंतर बारा वर्षांनी! त्यातही गंमत पाहा. ‘आउफ विडरसेन’ हे जर्मन शब्द, अर्थ ‘पुन्हा भेटेपर्यंत’. म्हणजे शत्रूच्या भाषेतलं ‘येतो’. युद्ध संपून सातच वर्षं झाली होती आणि सैनिकांची लाडकी ते गात होती. १९७५ मध्ये तिला ‘डेम’ ही पदवी मिळाली. मेंदूच्या पक्षाघाताने अधू झालेल्या लहान मुलांसाठी तिने पुष्कळ काम केलं. २००९ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, तिच्या जुन्या गाण्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. २०१७ मध्ये ती शंभर वर्षांची झाली, तेव्हा डोव्हरच्या त्या खऱ्याखुऱ्या पांढऱ्या कड्यांवर तिचं भलंमोठं चित्र प्रकाशाने उमटवलं होतं.

आणि मग आला २०२० चा कोरोना. ते दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. मुलं एका देशात, आईबाप दुसऱ्या, दारं बंद. ५ एप्रिल २०२० रोजी एलिझाबेथ राणीने दूरचित्रवाणीवरून देशाला धीर दिला आणि भाषणाचा शेवट व्हेराच्या गाण्याच्या नावानेच केला. एक्याऐंशी वर्षांपूर्वीचे शब्द, पण त्या संध्याकाळी त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्या वेळी व्हेरा एकशे तीन वर्षांची होती. १८ जून २०२० रोजी ती गेली. १० जुलैला तिची अंत्ययात्रा ससेक्समधल्या तिच्या डिचलिंग गावातून निघाली. रस्त्याच्या कडेला लोक उभे होते आणि वरून युद्धकाळातली स्पिटफायर विमानं गेली.

त्याच उन्हाळ्यात आमच्या घरातही फोनवरच्या बोलण्याचा शेवट बदलला होता, हे तुमच्यापैकी कितीजणांच्या लक्षात आलं? एरवी आमची परदेशातली मंडळी ‘बाय’ म्हणून फोन ठेवायची. त्या दिवसांत बहुतेकजण ‘भेटू’ म्हणायला लागले. कधी, कुठे, कोणालाच ठाऊक नव्हतं. विमानंच बंद होती. आमच्या मोठ्या कुटुंबातली दोन माणसं त्या साथीत गेली आणि त्यांची भेट राहिलीच. तरी शेवटच्या फोनवर ती ‘भेटू’ म्हणाली होती, हे त्यांच्या मुलांना आज पुरतं, असं मला त्यांच्या बोलण्यावरून जाणवतं.

तर मंडळी, ज्यांनी व्हेराला ऐकलेलं नाही त्यांनी जरूर ऐकावं. हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं. फक्त एक सूचना करतो. ‘वुईल मीट अगेन’ची दोन-तीन ध्वनिमुद्रणं आहेत. नंतरच्यात मागे सैनिकांचा कोरस आहे, ते भारदस्त आहे, छान आहे. पण आधी १९३९ चं ऐका, त्या सर्दी झालेल्या पेटीबरोबरचं. तिथे ती बावीस वर्षांची आहे, युद्ध नुकतंच सुरू झालं आहे, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते तिलाही माहीत नाही. शब्दकोश जवळ घ्यायची गरज नाही. मला कळलं, म्हणजे तुम्हाला कळेलच.